सांताचं उत्तर

कोथरूडच्या मॉलमध्ये सांताला पत्र टाकायची लाल पेटी ठेवली होती. पेटीजवळच्या मुलीने ओवीच्या हातात कागद दिला आणि तिच्या आईकडे, नीरजाकडे, मोबाइल नंबर मागितला. "सांताला घर सापडायला नको का, मॅम?"

ओवी हाताचा आडोसा करून लिहायला बसली. नीरजा डोकावली तशी तिने कागद पोटाशी धरला. "आई, तू नाही वाचायचं. हे फक्त सांताचं आहे."

सायकलच मागितली असणार, असं वाटून नीरजा हसली.

चार दिवसांनी सकाळी ओवीचा बाबा आमोद नेहमीसारखा डबा घेऊन, गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवून हिंजवडीला निघाला होता. तेवढ्यात नीरजाच्या फोनवर मेसेज आला.

"ओवी, सांताचं उत्तर आलंय गं! अहो, तुम्हीही ऐका." आणि ती मोठ्याने वाचायला लागली.

"प्रिय ओवीची आई, ओवीचं गोड पत्र मिळालं. बाबांची नोकरी गेल्याचं वाचून वाईट वाटलं. पण नोकरी गेली म्हणून नाताळचा आनंद का घालवायचा? आजच या! खास तुमच्या कुटुंबासाठी सगळ्या खरेदीवर तीस टक्के सूट!"

आवाज बसत गेला, तरी तिने शेवटपर्यंत वाचलं. आमोद बुटाची नाडी हातात धरून तसाच वाकून राहिला.

ओवीला रडू फुटलं. "बाबा, तू दिवसभर बागेत बसतोस ते मी आईला नाही सांगितलं. फक्त सांताला सांगितलं."