यादीतली नवी ओळ

टायपिस्टची नोकरी करून आजीचा उजवा हात कामातून गेला होता. पण तिला सातासमुद्रापार रुसून बसलेल्या धाकट्या बहिणीला मेल स्वतःच पाठवायचा होता. म्हणून नात लिनक्स संगणकावरच्या मेल-ॲपमध्ये डाव्या हाताचे शॉर्टकट बसवत होती.

"आजी, हे ॲप बंद पेटीत राहतं. घरात काय चाललंय, त्याला पत्ताच नसतो."

"अगदी तुझ्या आजोबांसारखं!"

दोघी खिदळल्या. तेवढ्यात पडद्यावरच्या शॉर्टकटच्या यादीत आपोआप ओळ उमटली : 'कंट्रोल-डी : दूध उतू जातंय.'

"चावट! तूच लिहिलंस."

"नाही गं, शप्पथ!"

स्वयंपाकघरात चर्रर्र झालं. नातीने पळत जाऊन गॅस बंद केला. परतली तर आजी टक लावून नवी ओळ वाचत होती : 'कंट्रोल-एस : मेल राहू दे ताई, दार उघड.'

दारावर लहानपणीसारख्याच तीन टिचक्या वाजल्या.