मधले दिवस

धागा कंपनीत कामाला असलेला विकी महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, तेव्हा तानूबाईने लेकाला नरोलीहून ओढतच सिल्वासाला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं.

"आळशी नाही हो माझा पोरगा," ती ठसक्यात म्हणाली. "उन्हाळ्यात बघायचा होता. आठवडाभर डोळ्याला डोळा नाही, रोज डबल शिफ्ट मारून वर अख्खी चाळ रंगवली यानं. तुमच्याच्यानं होईल?"

डॉक्टर हसले नाहीत. "मावशी, तोही आजारच होता. मधल्या दिवसांत, बरा असतो तेव्हा कसा असतो, तेवढं सांगा."

तानूबाईने पुष्कळ आठवून पाहिलं. शेवटी तिने विकीकडे पाहिलं.



तोही उत्तरासाठी तिच्याच तोंडाकडे बघत होता.