पाठीवरची दुमड

वनरक्षकाची नोकरी लागली, तशी हर्षाने डायरीला चामड्याचं कव्हर घरीच करायचं ठरवलं. बापाची जुनी बॅग तिनेच कापली. शिवायला मात्र तुळसा बसली, तिची आई. गावातल्या पोरींचे फ्रॉक शिवण्यात तिचा जन्म गेलेला. मशीनची सुई चामड्यात जाईना, तेव्हा तिने आरीने भोकं पाडून हातानेच मेणाचा दोरा ओढला. शेवटी कव्हराच्या पाठीवर बोटभर दुमड घेतली आणि तीही पक्की शिवून टाकली.

"आई, हे दुमड कायले?"

"पुढं लागलं तं उसवता येते. तुह्या फ्रॉकले नाही ठेवत होती का?"

"अवं, पोरगी वाढते. डायरी वाढते का?"

"तुह्याजवळ राहिली तं वाढन."

वर्षभराने हर्षा आंबागडच्या नोकरीवरून सुट्टीत घरी आली. जंगलात ज्या नव्या झाडाची ओळख होई, त्याचं पान ती डायरीत चिकटवायची. डायरी फुगून टम्म झाली होती, कव्हरात मावत नव्हती. तुळसाने ब्लेड घेतलं आणि दुमड उसवली. डायरी आरामात बसली, पण जुन्या शिवणीच्या भोकांच्या दोन रांगा पाठीवर उघड्या पडल्या.

हर्षाचं तोंड उतरलं. "चामड्याचे भोकं बुजत नाही आई. आता हे असेच दिसन."

तुळसाने त्या रांगांवरून बोट फिरवलं.

"दिसू दे. तू किती वाढली, ते फ्रॉकवरून धुऊन जात होतं. याच्यावरून नाही जाणार."