कपाटातला निरोप

धरणाचे दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या नऊ गावांना निरोप जावा, म्हणून इंजिनिअर रोदेलियोने फिलिपिन्समधल्या कागायान नदीच्या खोऱ्यात संगणकांचं जाळं बसवलं. समोरच्या संगणकाकडून 'मिळाला' असं उत्तर येईपर्यंत त्याची यंत्रणा तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवायची. "वाटेत निरोप हरवणं आता विसरा," असं तो अभिमानाने सांगायचा.

पुढे एका वादळात धरण उघडायची वेळ आली. निरोप सुटले, सकाळी नवाच्या आत नऊही गावांकडून उत्तरं आली आणि तो निर्धास्त झाला. दुपारी कळलं, मालिगाया गावात घरं बुडाली आहेत. तो होडी घेऊन धावला. सगळं गाव कचेरीच्या माडीवर दाटीवाटीने बसलं होतं. माणसं वाचली होती, पण डुकरं, भाताची पोती, होतं नव्हतं ते सगळं वाहून गेलं होतं.

"कॅप्टन, सकाळीच निरोप मिळाला ना? मग गाव का नाही सोडलंत?" त्याने गावचे कॅप्टन, म्हणजे गावप्रमुख, नेमेसियांना विचारलं.

"कसला निरोप, इंजिनिअर? पाणी घरात शिरलं तेव्हा आम्हाला कळलं."

"मग संगणक कुठेय?"

"चोरीला जाऊ नये म्हणून ह्या कपाटात कुलूप लावून ठेवलाय. चालूच आहे हो! बंद करायचा नाही, असं तुम्हीच बजावलं होतंत."

कुलूप उघडलं. बॅटरीवर चालणाऱ्या पडद्यावर ठळक अक्षरं होती : 'ताबडतोब गाव सोडा.' वेळ सकाळी आठ पन्नास.

नेमेसियांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा रोदेलियोकडे आणि म्हणाले,


"म्हणजे अख्ख्या गावात धोका फक्त कपाटाला कळला होता!"