मागच्या बाकापर्यंत

"पुस्तकं काढा," मोहिनी मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्या बाकाखेरीज कुणालाच ते ऐकू गेलं नाही.

घशातली गाठ काढल्यावर एवढाच आवाज उरला होता, शेजारी बसलेल्या माणसापुरता. आवाज हळूहळू सुधारेल, पण जोर लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हेडमास्तर भागवत सरांनी सकाळीच आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं.

"मॅडम, ह्यो वर्ग कुजबुजून चालायचा न्हाई. घरोघरची बोली येगळी. आजचा दिवस बघा. न्हाई जमलं तर उद्यापासून ऑफिसात बसा. टेबल रिकामंच हाय."

सर मनाचे वाईट नव्हते, त्यांना ती सोयच वाटत होती. मोहिनीला मात्र त्या रिकाम्या टेबलाच्या नुसत्या आठवणीने रडू येत होतं.

बीडच्या नगरपालिकेच्या शाळेतली ही चौथी. पेठेतली दख्खनी बोलणारी पोरं, तांड्यावरची, पाली गावाकडून रिक्षात कोंबून येणारी मेंढपाळांची, आई-बाप ऊसतोडीला गेल्यामुळे मावशीच्या घरी राहिलेली. सगळ्यांना एकाच वेळी सगळं सांगायचं असायचं. मोहिनीचा घसा गेला तोही याच खोलीत, वर्षानुवर्षं "आपसात बोलू नका" म्हणून ओरडून.

तिने फळ्यावर मोठ्या अक्षरात 'पाणी' लिहिलं. पण फळ्याकडे बघा, हेही ओरडूनच सांगावं लागतं. मागे दप्तराची ओढाताण चालू होती. कुणीतरी कुणाची बोरं पळवली होती. तिने डस्टर टेबलावर आपटून पाहिलं. पोरं क्षणभर थबकली आणि पुन्हा सुरू झाली. झालं, संपलं, असं तिला वाटलं.

पहिल्या बाकावरची नुसरत उभी राहिली. "मॅडम, ईदगाहावर लाइट गेली की इमामसाबाचा आवाज मागं जात न्हाई. मंग मधी आमचे अब्बा उभे राहतेत आन तेच जोरात बोलतेत. मी बोलू का?"

मोहिनीने मान हलवली. नुसरत मागे वळली. "मॅडम बोल रई, पुस्तक निकालो. पाणी का धडा."

मधल्या बाकावरच्या बबिताने ते ऐकलं आणि मागे बसलेल्या तांड्यावरच्या पोरांना गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत सांगितलं. त्यांनी शेवटच्या बाकावरच्या आरोहीला सांगितलं. आरोहीचा बाप मेंढरं राखतो, आणि माळावर हाका मारून पोरीचा गळाही चांगला मोकळा झालेला. तिने एकदाच हाक दिली, "पुस्तकं काढा रं," आणि वर्गभर पानांची सळसळ झाली.

मग धडा लागला चालायला. "आपल्या गावाला पाणी कुठून येतं?" मोहिनीने हळूच विचारलं. प्रश्न वाटेत तीन बोलींची कापडं बदलत मागे गेला आणि उत्तरं घेऊन परत आला. माजलगावच्या धरणातून, म्हणे. पालीच्या तळ्यातूनही, आणि आरोहीने जोडून पाठवलं होतं, "आमची मेंढरं बी तिथंच पितेत." आपला निरोप मागे पोचतोय की नाही, हे ऐकायला पोरं गप्प बसायला लागली होती. एवढी वर्षं जे ओरडून झालं नाही ते आज न ओरडता होत होतं, आणि मोहिनीला हसावं की रडावं कळेना.

वर्गाचं दार मागच्या बाजूला. भागवत सर तिथे येऊन उभे राहिले. "काय मॅडम, जमतंय का?"

मोहिनी नुसरतकडे वाकली. "सरांना म्हणावं, जमतंय."

निरोप निघाला. सर डोळे बारीक करून तो एकेका बाकावरून आपल्याकडे येताना बघत राहिले. शेवटी आरोही उठली. "सर, जमतंय." त्या आवाजाने शेजारची पाचवी एकदम चिडीचूप झाली.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग तेही खाली वाकले आणि आरोहीच्या कानात काहीतरी बोलले. सरांची कुजबूज म्हणजे फाटकापर्यंत जाणारी. मोहिनीला शब्द न् शब्द ऐकू आला.

पण तिने तसं दाखवलं नाही. हातातला खडू घट्ट धरून ती थांबून राहिली. आरोहीकडून तांड्यावरच्या पोरांकडे, त्यांच्याकडून बबिताकडे, बबिताकडून नुसरतकडे निरोप सरकत होता, आणि ज्यांना इतकी वर्षं गप्प केलं तीच पोरं आज आपल्याला बोलतं ठेवताहेत, या विचाराने तिचा ऊर भरून आला. कुणाचे आणि किती उपकार मानावेत!

नुसरत उठून तिच्या कानाशी आली. "मॅडम, सर बोलले, उद्या बी वर्गावर तुमीच या."

"हो का?" मोहिनी पुटपुटली.

नुसरत लगेच वळली आणि तेही तिने मागे सांगितलं.