मीठ खाली ठेव

“तिला सांग, त्या बाईला टोपलीचं बूड दाखवाय सांग,” कान्हा बायकोला म्हणाला.

‘तिला’ म्हणजे योगिनीला, पोटच्या लेकीला. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती आणि सगळं ऐकत होती. तरी चंद्रकलाने रीतसर निरोप पोचवला, “योगे, तुजा बा म्हणतोय, बूड दाखवा.” योगिनीने दुकानदारणीला इंग्रजीत सांगितलं. टोपली उलटी झाली. कान्हाने बुडाला टिचकी मारली आणि खूश होऊन मान डोलावली. ती मान टोपलीसाठी होती, लेकीसाठी नव्हे.

हा अबोला चार वर्षांचा होता. धसईच्या एका घरी कान्हाने लेकीच्या लग्नाचा शब्द दिला होता. लेक म्हणाली, एवढं नर्सिंग शिकले ते चूल फुंकायला नाही, मी माल्टाला नोकरीला जाते. “जा. मग माज्याशी बोलू नको,” कान्हा रागाच्या भरात बोलून गेला. लेकही त्याच्याच वळणाची. तिने शब्द धरला आणि आसनगावला गाडी पकडून गेली. डोळखांबकडच्या त्यांच्या पाड्यावर म्हणतात, वेशीवरचा धोंडा एक वेळ हलेल, पण कान्हा हलायचा नाही. खरं तर त्याचा राग कधीच विरला होता. पण आधी तोंड उघडायचं कोणी?

यंदा योगिनीनेच आई-बा दोघांची माल्टाची तिकिटं काढली. चंद्रकला म्हणाली, “मला एकटीला इमानात भ्या वाटतं.” तेवढं निमित्त कान्हाला पुरलं. “पिशव्या धराय कोनतरी पायजे ना,” असं पाड्यावर सगळ्यांना सांगत तो नवा सदरा घालून निघाला. आठवडाभर तो लेकीच्या घरी राहिला, लेकीच्या हातची भाकरी मागून मागून जेवला आणि बोलला मात्र बायकोशी. बिचारी चंद्रकला दोघांचं टपाल वाहून दमली.

उद्या परतीचं विमान होतं. पेरणी तोंडावर आलेली. म्हणून आज योगिनीने सुट्टी घेतली आणि दोघांना बोटीत बसवून गोझोला, शेजारच्या छोट्या बेटावर, खरेदीला आणलं. खरेदी हे सांगायचं कारण. लहानपणी बा तिला “ये गो”, “बस गो” म्हणायचा. तो एक ‘गो’ तिला ऐकायचा होता. तो न ऐकताच बा विमानात बसला, तर पुन्हा कधी कोण जाणे.

बाजार मोठा गोड होता. मिरी लावलेल्या चीजच्या वड्या होत्या, मेंढीच्या दुधाच्या. चंद्रकलाने एक तोंडात टाकली आणि म्हणाली, “खरवसात मीठ पडलंय जनू.” एक म्हातारी मांडीवर लांबडी उशी घेऊन लाकडी काड्यांवर लेस विणत होती, ती लेस चंद्रकलाने झंपरच्या बाहीला लावून पाहिली, आणि मग घेतलीच. कान्हाने मध चाखला. “तिला सांग, बरा हाय. पन आपल्या रानातल्या मधाची सर नाय.” योगिनीला हसू फुटलं. ते ऐकून कान्हाने चटकन वळून पाहिलं, आणि तितक्याच चटकन तो शेजारचे कांदे निरखू लागला.

शेवटी ते किनाऱ्यावर आले. तिथे खडकातच चौकोन खोदून मिठागरं केली होती. एक बाई तिथल्याच छोट्या दुकानाच्या दारात बसून मीठ विकत होती. चंद्रकलाने एक पिशवी पसंत केली. बाईने ती हसत पुढे धरली, तशी चंद्रकलाने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

“योगे, खाली ठेवाय सांग तिला! हातात नको!”

बाईचा चेहरा पडला. तिला वाटलं, मीठ पसंत नाही. मग योगिनीने समजावलं, की आमच्याकडे मीठ या हातातून त्या हातात देत नाहीत. देणाऱ्याघेणाऱ्यात भांडण होतं. बाई खळखळून हसली आणि तिने मोठ्या अदबीने पिशवी कट्ट्यावर ठेवली.

योगिनीने पैसे दिले आणि पिशवी उचलली. पिशव्या धरायला आलेला कान्हा पुढे सरकला. खरेदी संपली होती, दिवसही संपत आला होता. योगिनीला फार फार वाईट वाटलं. बाच्या तोंडाकडे न बघता ती वाकली आणि पिशवी त्याच्यासमोर कट्ट्यावर ठेवू लागली. मीठ खाली ठेवायचं, हेही लहानपणी त्यानेच शिकवलं होतं.

पिशवी टेकायच्या आत तिच्यापुढे एक हात आला. चिखलात, उन्हात रापलेला, तळवा वर केलेला.

“अवो, हातात काय घेताय!” चंद्रकला ओरडली. “भांडण होईल ना दोघांचं!”

कान्हाने हात मागे घेतला नाही. बायकोकडे बघितलंही नाही. तो लेकीकडे बघत होता.

“दे गो हातात,” तो म्हणाला. “होऊ दे भांडण. चार वर्सं झाली, तुज्याशी भांडलो पन नाय.”