दोन बसपलीकडची शाळा

“शाळा कुठलीही घ्या, पण हिचा खो-खो सोडवू नका,” लेकीचा दाखला देताना जुन्या शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या. मी शब्द दिला होता.

बदलीच्या गावातली ही चौथी शाळा. “खो-खो? अहो ताई, आमच्याकडे स्केटिंग आहे!” क्लार्क हसला. मैदानावर गाड्या लावलेल्या.

घरी ह्यांचं सुरू. “खो-खोसाठी नदीपलीकडच्या शाळेत दोन बस बदलून जाणार ती? कोपऱ्यावरचीच घे.”

“राहू दे आई,” लेक म्हणाली. “नाही खेळत मी.”

उपासाच्या दिवशी चिडायचं नाही, हा माझा नेम. चिडले नाही. जपाची माळ तेवढी जरा भराभर ओढली गेली. मग चपला घातल्या आणि नदीपलीकडची बस कुठून सुटते ते विचारत निघाले.